अंक गिरवण्याआधीची सहा पावले: चिंचोके, तुराट्या आणि केळीची फणी घेऊन संख्या कशी शिकवावी

पाटीवर १ ते १०० न अडखळता लिहिणाऱ्या मुलाला परातीतली सात लिंबे आणायला सांगितले, तर ते पुष्कळदा ओंजळभर लिंबे आणून समोर ठेवते आणि आपल्या तोंडाकडे पाहत राहते. अशा मुलाला गणित येत नाही, असे लगेच म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याला चित्र काढायला आणि पाठांतर करायला शिकवलेले असते, संख्या मात्र अजून शिकवलेलीच नसते. चूक साहित्याची नसून क्रमाची असते, कारण जो अंक सर्वांत शेवटी यायला हवा तो आपण सर्वांत आधी आणतो.

पुढचे टप्पे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. घरी आई, आजी किंवा मोठे भावंड आणि अंगणवाडीत ताई, कोणीही ते करून घेऊ शकते. एक टप्पा काही दिवसांत संपेल, तर दुसऱ्याला दोन महिनेही लागतील. जेथे तपासणी दिली आहे तेथे ती पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढीच अट आहे.

## तयारी

साहित्य विकत आणण्याची गरज जवळजवळ पडत नाही. पुढील वस्तू एका टोपलीत जमवून ठेवाव्यात आणि ती टोपली फक्त याच कामासाठी बाहेर काढावी, म्हणजे तिचे कौतुक टिकते.

चिंचोके शंभर. ते धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावेत. त्यांपैकी दहा चिंचोके मोठ्या माणसाने खरबरीत फरशीवर एका बाजूने घासावेत. काळपट साल निघून ती बाजू पांढरी होते आणि दुसरी काळीच राहते. हे काम कंटाळवाणे आहे, पण पाचव्या टप्प्यात याच दहा चिंचोक्यांवर सगळा भार आहे.

तुराट्या सत्तर. तूर निघाल्यावर बांधावर त्या ढीगभर पडलेल्या असतात. करंगळीएवढ्या जाडीच्या निवडून बोटभर लांबीचे तुकडे करावेत, तुरीवर फवारणी झालेली असते म्हणून साल काढून धुवावेत आणि टोके पॉलिश पेपरने गुळगुळीत करावीत. तुराट्या मिळत नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या चालतील. सोबत दहा-बारा रबर ठेवावेत.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे एक. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी, म्हणजे तीस खळगे असतात. दोन-दोन ओळींचे तुकडे कापले की दहा खळग्यांच्या तीन चौकटी मिळतात. ट्रे कोरा किंवा अगदी स्वच्छ असावा. त्यावर डाग किंवा विष्ठेचा अंश दिसला तर तो फेकून द्यावा आणि जमिनीवर खडूने तशीच चौकट आखावी.

याशिवाय तीन वाट्या, एक परात, एक फासा, खडू आणि एकरंगी कापड लागेल. फुलाफुलांच्या चादरीवर चिंचोके मांडले तर मूल चिंचोके सोडून फुले मोजत बसते.

वेळ दहा ते पंधरा मिनिटांचा ठेवावा. मे महिन्यात आपल्याकडे खानदेशात पारा सहज ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी मोठ्यांचेही डोके चालत नाही, म्हणून त्या दिवसांत सकाळी आठच्या आत बसावे.

सावधान. गुंजा आणि एरंडीच्या बिया दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असतात, त्यामुळे त्या टोपलीत कधीही येऊ देऊ नयेत. पेरणीसाठी आणलेले कपाशीचे किंवा मक्याचे रंगीत बियाणे औषध लावलेले असते, तेही मुलांच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालील भावंड शेजारी असेल तर चिंचोक्यांऐवजी लिंबे, कांदे आणि बटाटे घ्यावेत. हरभरा मी पूर्णपणे बंद केला आहे. एका मुलाने मोजता मोजता एक दाणा नाकात सरकवला, तो ओलाव्याने फुगला आणि डॉक्टरांकडे जाऊनच काढावा लागला. मी तीन हातांवर बसले होते, तरी मला ते दिसले नव्हते.

## टप्पा १: वेगळे करणे

आठवडे बाजारातून आणलेली पिशवी परातीत रिकामी करावी. तिच्यात भरिताची मोठी हिरवी वांगी, भाजीची लहान जांभळी वांगी, हिरव्या मिरच्या, कांदे आणि लिंबे असावीत. “जे एकत्र राहायला हवे ते एकत्र ठेव,” एवढेच सांगावे. रंगाने लाव किंवा आकाराने लाव, असे सुचवू नये.

मूल हिरवे वांगे मिरचीसोबत ठेवेल किंवा जांभळ्या वांग्यासोबत ठेवेल. दोन्ही बरोबर आहे. त्याने असे का ठेवले, हे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. नंतर सगळे पुन्हा एकत्र करून “आता वेगळ्या तऱ्हेने लाव” असे सांगावे.

तपासणी. त्याच वस्तू मुलाने दुसऱ्या कसोटीने लावून दाखवल्या की हा टप्पा संपला. साधारण आठवडाभर पुरतो, उगाच लांबवू नये.

## टप्पा २: जोडी लावणे आणि तुलना

या टप्प्यात एकही संख्या उच्चारायची नाही. जेवणाच्या वेळी प्रत्येक ताटाला एक वाटी ठेवायला सांगावे. वाट्या मुद्दाम एक कमी किंवा एक जास्त द्याव्यात आणि गप्प बसावे. “एका ताटाला वाटी नाही” हे मुलाच्या तोंडून यायला हवे.

मग जमिनीवर पाच चिंचोक्यांची एक ओळ आणि तिच्यासमोर पाच खड्यांची दुसरी ओळ मांडावी. जोड्या लागतात, हे मुलाने पाहिले की त्याच्या देखत खड्यांची ओळ पसरवून लांब करावी आणि जास्त कोणते आहेत, ते विचारावे. चार वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवते. ही चूक नाही, हे वय आहे. “अरे, आत्ताच तर सारखे होते!” असे म्हणून समजावण्यात काही अर्थ नाही. ओळ त्यालाच पुन्हा जवळ आणू द्यावी, जोड्या लावू द्याव्यात आणि खेळ दोन दिवसांनी परत करावा.

येथे मोठ्यांची एक सवय आड येते. उत्तर मनासारखे आले नाही की तोच प्रश्न आपण लगेच पुन्हा विचारतो. मग आपले चुकलेच असणार, असे समजून मूल उत्तर बदलते, आणि ते बरोबर आले तरी त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न एकदाच विचारावा.

मोजमापाची सुरुवातही याच टप्प्यात करता येते. दादर ज्वारीचे दाणे वाटीने तांब्यात भरू द्यावेत आणि दर वाटीला एक चिंचोका बाजूला ठेवायला सांगावे. वाटी प्रत्येक वेळी काठोकाठ भरून वरून काडीने सपाट करावी. शीगवाली वाटी आणि अर्धी वाटी सारखीच धरली जाऊ लागली तर मोजमाप बिघडलेच म्हणून समजावे.

## टप्पा ३: मोजणे

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. संख्यांची नावे ओळीने म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजताना प्रत्येक वस्तूला एकच नाव मिळते, कोणतीही वस्तू सुटत नाही, आणि शेवटचे नाव हे शेवटच्या वस्तूचे नसून सगळ्या ढिगाचे असते. ही शेवटची गोष्ट मोठ्यांना इतकी उघड वाटते की ती शिकवावी लागते, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

अंगणवाडीतल्या एका मुलीने माझ्यासमोर पाच चिंचोके अगदी नीट मोजले. मी म्हटले, “आता मला पाच दे.” तिने ओळीतला शेवटचा चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या दृष्टीने पाच हे त्या चिंचोक्याचे नाव होते, जसे ओळीतल्या शेवटच्या मुलाचे नाव असते तसे. तोपर्यंत तिला मोजता येते, असे मी सहा आठवडे वहीत लिहीत होते.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिंचोके टाकत मोजावे. वस्तू हलली की ती मोजून झाली, हे हातालाच कळते. सुरुवात तीनपासून करावी, मग पाच आणि त्यानंतर दहा घ्यावेत.

२. मोजून झाल्यावर मोठ्या माणसाने भरलेल्या वाटीवरून बोट गोल फिरवून “सगळे मिळून पाच” असे म्हणावे. हा हातवारा प्रत्येक वेळी करावा. तो गाळला तर वरच्या मुलीसारखी समजूत होते.

३. मग ओळीत मांडलेले चिंचोके न हलवता, बोट लावून मोजावे. एकदा डावीकडून मोजून झाले की उजवीकडून मोजावे.

४. नंतर गोल मांडणी करावी. गोलात कोठून सुरुवात केली, हे मूल विसरते आणि फिरत राहते. पहिल्या चिंचोक्यावर खडूची खूण करायची युक्ती त्याला स्वतःला सुचते का, हे आधी पाहावे. आपण घाईने सांगू नये.

५. शेवटी केळीची फणी घ्यावी. तिच्यातली केळी हलवता येत नाहीत, दोन ओळींत एकमेकांत अडकलेली असतात आणि मागची ओळ अर्धी झाकलेली असते. फणी मोजता आली म्हणजे मोजणे आले, असे मी तरी मानते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या घरांत हे साहित्य बाराही महिने दारात असते, आणि तरी मोजणीसाठी चित्रांची महागडी पुस्तके आणली जातात.

मोजताना बोट आणि तोंड यांचा मेळ कोठे तुटतो, हे कान देऊन ऐकावे. एक, दोन, तीन, चार, पाच ही नावे एका ठोक्यात संपतात, पण “सहा” म्हणताना तोंडाला दोन ठोके लागतात. काही मुले “स” म्हणताना एका चिंचोक्याला आणि “हा” म्हणताना पुढच्याला बोट लावतात. पाचपर्यंत बरोबर आणि सहापासून चूक होत असेल तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी पुन्हा वाटीत टाकण्याच्या पहिल्या पायरीवर यावे, म्हणजे चिंचोका पडल्याच्या आवाजासरशी पूर्ण शब्द बाहेर येतो.

घरात अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलली जात असेल तर हा संपूर्ण टप्पा त्याच बोलीत करावा. “कितला शेतस?” असे विचारल्यावर जे मूल पटकन उत्तर देते, तेच “किती आहेत?” या प्रश्नावर गप्प बसलेले मी पाहिले आहे. संख्या पक्की झाली की शाळेतली नावे काही दिवसांत तिच्यावर चढतात.

तपासणी. मोजून झाल्याबरोबर “मग किती?” असे विचारावे. मूल पुन्हा एकपासून मोजू लागले तर टप्पा अपुरा आहे. दुसरी कसोटी अधिक पक्की आहे. दहा-बारा चिंचोक्यांच्या ढिगातून “मला सहा दे” असे सांगावे. सहावर थांबणारे मूल पुढे जाण्यास तयार आहे.

## टप्पा ४: न मोजता ओळखणे

दोन, तीन किंवा चार चिंचोके उपड्या वाटीखाली ठेवावेत, क्षणभर वाटी उचलावी आणि पुन्हा झाकावी. मोजायला वेळ मिळता कामा नये. चारपर्यंतची संख्या मुलांना नजरेनेच कळू लागते. मांडणी दर वेळी बदलावी, नाहीतर मूल संख्या न पाहता आकृती पाठ करते आणि फाशावरचे चार ठिपके ओळखूनही ओळीतले चार ओळखत नाही.

पाचच्या पुढे चौकट वापरावी. वरची ओळ पूर्ण भरायची आणि उरलेले खाली ठेवायचे. सात म्हणजे भरलेली ओळ आणि खाली दोन. चौकट नेहमी डावीकडून भरावी, मध्येच खळगा रिकामा सोडू नये.

## टप्पा ५: फोड

एका बाजूने घासलेले पाच चिंचोके मुलाच्या ओंजळीत द्यावेत आणि खुळखुळवून जमिनीवर टाकायला सांगावे. किती पांढरे पडले आणि किती काळे पडले, एवढेच विचारायचे. दोन पांढरे तर तीन काळे, चार पांढरे तर एक काळा. प्रत्येक वेळी चिंचोके टाकून झाल्यावर “सगळे मिळून किती?” हेही विचारावे. सुरुवातीला मूल दर वेळी पाचही चिंचोके पुन्हा मोजते. मग एके दिवशी ते मोजत नाही आणि “पाचच ना, दुसरे कोठून येतील?” अशा नजरेने पाहते. त्या दिवसाची वाट पाहावी, त्याला ओढून आणू नये.

पाचही पांढरे पडले की मुले ओरडतात. तेव्हाच काळे किती, असे विचारावे. “एकही नाही” या उत्तरात शून्य येते, त्याचे नाव नंतर सांगितले तरी चालते.

पुढची पायरी लपवण्याची आहे. पाच चिंचोके मोजून ठेवावेत, त्यांपैकी काही मुलाने डोळे मिटलेले असताना वाटीखाली सरकवावेत आणि बाहेर तीन उरले असतील तर वाटीखाली किती, ते विचारावे. उत्तर सांगू नये. वाटी उचलून पाहण्याचा मान मुलाचाच असावा, कारण उत्तर बरोबर की चूक हे वाटीने सांगितले तर त्याला लाज वाटत नाही.

पाचाच्या सर्व फोडी झाल्या की सहा घ्यावेत, मग एकेक वाढवत दहापर्यंत यावे. दहासाठी चौकटही वापरावी. आठ खळगे भरले तर रिकामे किती, हे डोळ्यांसमोरच असते. दहाला किती कमी पडतात, हे येथे चांगले बसले तर पहिली-दुसरीतली बेरीज फार सोपी जाते.

सावधान. या टप्प्यावर अधिक, वजा आणि बरोबरची चिन्हे आणण्याचा मोह होतो, विशेषतः घरात पहिलीतले भावंड असेल तर. चिन्हे आणू नयेत.

## टप्पा ६: दहाची जुडी

मुलाने फासा टाकावा, जितके ठिपके येतील तितक्या तुराट्या घ्याव्यात, आणि हातात दहा झाल्या की त्या स्वतः मोजून रबर लावून जुडी करावी. ज्याच्या आधी तीन जुड्या होतील तो जिंकला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आयत्या बांधलेल्या जुड्या देणे. बाहेरून आलेली जुडी मुलाच्या लेखी एक जाड काडी असते. तिच्यात दहा आहेत, हे त्याने बांधून आणि सोडून पाहिलेले नसते. म्हणून उलटा खेळही खेळावा. तीन जुड्या घेऊन बसावे, फाशाप्रमाणे तुराट्या परत करत जावे आणि सुट्या संपल्या की जुडी सोडावी.

यानंतर संख्यांची नावे येतात आणि तेथे मराठी मुलाची खरी अडचण सुरू होते. दोन जुड्या आणि एक सुटी काडी, याला आपण “एकवीस” म्हणतो. ऐकताना एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी आणि एक नंतर. त्यामुळे पुष्कळ मुले एकवीस ऐकून १२ आणि त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “वीस एक” असे वाचन आल्यावर बराच वाद झाला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी जुड्यांवर बोट ठेवून आधी “वीस आणि एक” म्हणायचे आणि मग “म्हणजे एकवीस” म्हणायचे, ही पद्धत घरी उपयोगी पडते. दोन्ही म्हणावे, एक गाळू नये.

“एकोण”साठी वेगळा दिवस द्यावा. तीन जुड्या ठेवाव्यात, एक सोडून तिच्यातली एक काडी बाजूला घ्यावी आणि उरलेल्या मोजाव्यात. दोन जुड्या आणि नऊ सुट्या. तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस. हे हाताने केलेले मूल एकोणतीस ऐकून ३९ लिहीत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच चालते, पण ९९ला आपण एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणतो. मुलाने “एकोणशंभर” म्हटले तर हसू नये, कारण त्याला नियम कळल्याचा तो पुरावा आहे.

मूल सेमी-इंग्रजी शाळेत जाणार असेल तर “ट्वेंटी वन” शिकवावेच लागेल, आणि त्यात बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एकच असतो, ही सोयही आहे. मात्र एकाच बैठकीत दोन्ही भाषांतील नावे मिसळू नयेत.

तपासणी. “तेवीस दाखव” म्हटल्यावर मूल तेवीस सुट्या काड्या मोजत न बसता दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या ठेवते का, ते पाहावे.

## टप्पा ७: अंक

आता पाटी काढावी. दहापर्यंतचे अंक लिहायला सहाव्या टप्प्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची गरज नाही. तिसऱ्या टप्प्याची तपासणी झाली असेल, चौथा आणि पाचवा टप्पा जमला असेल आणि मुलाला खडू नीट धरता येत असेल तर सुरुवात करावी. दोन अंकी संख्या मात्र जुड्यांच्या नंतरच घ्याव्यात.

परातीत बारीक वाळू किंवा पीठ पसरून अंक बोटाने काढू द्यावेत. ३ आणि ६ या अंकांची तोंडे उलट दिशांना असल्याने ते एकाच आठवड्यात शिकवू नयेत. १ आणि ९ यांचेही तसेच. उलटा अंक सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून येतच राहतो. तो पुसून हात धरून गिरवून घेण्यापेक्षा शेजारी नीट अंक काढून दाखवावा आणि पुढे जावे.

एकच अंक पानभर लिहायला देऊ नये. अंकाला काहीतरी काम द्यावे. बरणीत शेंगदाणे मोजून ठेवावेत आणि बरणीला चिकटवलेल्या कागदावर मुलाने पेन्सिलने ७ लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच्या नकळत एक दाणा काढून घ्यावा आणि बरणी त्याच्यासमोर ठेवावी. मूल मोजेल, कागदाकडे पाहील, पुन्हा मोजेल, मग दाणा कोणी खाल्ला यावरून घर डोक्यावर घेईल. तो गोंधळ संपला की खोडरबर आणि पेन्सिल त्याच्या हाती द्यावी.